पहिल्या पॉझिटिव्ह निकालानंतर: मांजरांचा फेलाइन ल्यूकेमिया

मांजर खातंय, पितंय, पडद्यावर चढतंय, आणि नेहमीच्या तपासणीत रक्ताचा थेंब टाकलेल्या पट्टीवर फेलाइन ल्यूकेमियाची रेघ उमटते. पशुवैद्य त्यानंतर बरंच काही समजावून सांगतात. पण 'ल्यूकेमिया', म्हणजे रक्ताचा कर्करोग, कानावर पडल्यावर पुढचं डोक्यात शिरतच नाही. त्यामुळे बहुतेक जण घरी येतात ते एकच हिशेब करत: आता किती दिवस?

त्या दिवशी या प्रश्नाचं उत्तर कुणाकडेच नसतं, अगदी त्या पट्टीकडेही नसतं. पट्टी फक्त एवढंच सांगते की आज घेतलेल्या रक्तात फेलाइन ल्यूकेमिया नावाच्या विषाणूचं एक प्रथिन सापडलं. मांजराला रक्ताचा कर्करोग झाला आहे, असं ती सांगत नाही. लागण झालेल्या कित्येक मांजरांना तो कधीच होत नाही. हा विषाणू माणसाला किंवा कुत्र्याला आजारी करत नाही, त्यामुळे घरात लहान मूल असलं तरी त्या बाजूने निर्धास्त राहायला हरकत नाही.

दवाखान्यातली झटपट चाचणी पी-२७ नावाचं प्रथिन शोधते. विषाणूच्या गाभ्याचं कवच त्याचंच बनलेलं असतं. ती विषाणूशी लढायला शरीराने बनवलेली प्रतिपिंडं शोधत नाही, थेट विषाणूचा अंश शोधते. म्हणून मांजराला आधी लस दिलेली असली किंवा पिल्लाच्या अंगात आईकडून आलेली प्रतिपिंडं असली, तरी निकालात गोंधळ होत नाही. पिल्लाची चाचणी कोणत्याही वयात करता येते. चाचणी चांगलीच आहे, पण एक गणित तिच्याही हातात नसतं. समजा १००० निरोगी दिसणाऱ्या मांजरांपैकी १० खरोखर बाधित आहेत आणि चाचणी निरोगी मांजराला १०० पैकी ९९ वेळा बरोबर निरोगी ठरवते. उरलेल्या ९९० मांजरांपैकी साधारण १० जणांना ती चुकून पॉझिटिव्ह म्हणेल. म्हणजे पॉझिटिव्ह निघालेल्या विसांपैकी निम्मी मांजरं मुळात बाधित नाहीतच! आजार जितका दुर्मीळ, तितका हा घोळ मोठा. म्हणून ठणठणीत मांजराचा एकच पॉझिटिव्ह निकाल हा शेवटचा शब्द मानायचा नसतो. तो दुसऱ्या पद्धतीने, शक्यतो प्रयोगशाळेतून, पडताळून घ्यायचा असतो.

आणि निकाल खरा निघाला तरी गोष्ट तिथे संपत नाही. त्यासाठी हा विषाणू शरीरात काय करतो ते पाहावं लागेल.

१९६४ मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्लासगो विद्यापीठात विल्यम जॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो शोधला. एकाच घरातल्या मांजरांमध्ये लसिका ग्रंथींचा कर्करोग वारंवार दिसत होता, त्याचा माग काढताना तो सापडला. कर्करोग एका मांजराकडून दुसऱ्याकडे 'लागू' शकतो, हे तेव्हा अनेकांना पचणारं नव्हतं. हा रेट्रोव्हायरस आहे. त्याचा जनुकीय मजकूर आरएनएच्या रूपात असतो, आणि पेशीत शिरल्यावर तो उलट्या दिशेने, म्हणजे आरएनएवरून डीएनए, असा उतरवला जातो. हे काम करणारं विकर (एन्झाइम) १९७० मध्ये हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बॉल्टिमोर यांनी स्वतंत्रपणे शोधलं आणि १९७५ च्या नोबेल पुरस्काराचे ते मानकरी ठरले. असा तयार झालेला डीएनए पेशीच्या स्वतःच्या डीएनएमध्ये घुसून बसतो. खातेवहीच्या मधल्याच पानावर कुणी दोन ओळी घुसडाव्यात आणि वहीची प्रत काढताना प्रत्येक वेळी त्याही उतरल्या जाव्यात, तसं. पेशीचं विभाजन झालं की या ओळी तिच्या दोन्ही वारसांकडे जातात. लागण एकदा पक्की झाल्यावर ती औषधाने पुसून का टाकता येत नाही, याचं कारण हे.

विषाणू मुख्यतः लाळेतून पसरतो. मांजरं एकमेकांना चाटतात, एका भांड्यात खातात, कधी चावतात. बाधित आईकडून पिल्लांना तो गर्भात किंवा दुधातूनही मिळतो. घशाजवळच्या लसिका ऊतींमध्ये त्याची पहिली वाढ होते. तिथून तो रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर स्वार होऊन शरीरभर फिरतो आणि संधी मिळाली तर अस्थिमज्जेत, म्हणजे रक्तपेशी तयार करणाऱ्या हाडांतल्या मगजात, पोहोचतो. सगळी लढाई या टप्प्यावर ठरते.

काही मांजरांची प्रतिकारशक्ती त्याला सुरुवातीलाच गारद करते. या मांजरांच्या रक्तात विषाणू सापडतच नाही, त्यामुळे मालकाला कधी काही कळतही नाही. दुसऱ्या गटात विषाणू काही काळ रक्तात दिसतो, चाचणी पॉझिटिव्ह येते, आणि मग शरीर त्याला आवरतं. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पी-२७ नाहीसं होतं. डीएनएमध्ये घुसलेल्या ओळी मात्र तशाच राहतात आणि जनुकीय मजकूर शोधणाऱ्या पीसीआर चाचणीत दिसतात. याला रिग्रेसिव्ह संसर्ग म्हणतात. अशी मांजरं लाळेतून विषाणू पसरवत नाहीत आणि बरीचशी नेहमीसारखं आयुष्य जगतात. पण त्यांचं रक्त दुसऱ्या मांजराला चढवायचं नसतं. शिवाय प्रतिकारशक्ती दडपणारी औषधं दिली किंवा ती तशीच खालावली, तर झोपलेला विषाणू क्वचित पुन्हा जागा होऊ शकतो. तिसरा गट प्रोग्रेसिव्ह संसर्गाचा. विषाणू अस्थिमज्जेत ठाण मांडतो, तिथे तयार होणाऱ्या पेशींसोबत रक्तात येत राहतो, आणि लाळेतून सतत बाहेर पडतो. आजार होतात ते मुख्यतः या गटात.

पहिल्या पॉझिटिव्ह निकालावरून मांजर दुसऱ्या गटातलं की तिसऱ्या, हे सांगता येत नाही. काही आठवड्यांनी आणि गरज पडल्यास आणखी काही महिन्यांनी चाचणी पुन्हा करावी लागते. रक्तातलं पी-२७ नुसतं आहे की नाही एवढंच न पाहता ते किती आहे हे मोजणाऱ्या चाचण्याही आता आहेत. ज्यांच्यात ते कमी भरतं, त्यांचं भवितव्य साधारणपणे बरंच चांगलं असतं. वयाचाही मोठा वाटा आहे. लहान पिल्लं या विषाणूला सहज बळी पडतात, प्रौढ मांजर पुष्कळदा त्याला परतवून लावतं. निगेटिव्ह निकालालाही हाच नियम आहे. नुकताच संपर्क आला असेल, तर पहिल्या काही आठवड्यांत चाचणी खोटा दिलासा देऊ शकते. म्हणून ती निदान महिनाभराने पुन्हा करायची.

मधले आठवडे अवघड जातात. या काळात मोठे निर्णय घेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. एकेकाळी पॉझिटिव्ह मांजराला तिथेच दयामरण दिलं जाई. आज पशुवैद्यांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की केवळ चाचणीच्या निकालावरून ते करू नये.

प्रोग्रेसिव्ह संसर्गाबद्दल मात्र गोड बोलून उपयोग नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत बाधित मांजरं निदानानंतर मध्यकाने २.४ वर्षं जगली, तुलनेसाठी घेतलेली निरोगी मांजरं साधारण ६ वर्षं. मध्यक म्हणजे निम्मी मांजरं त्याहून अधिक जगली. त्यातली काही बरीच अधिक. आपलं मांजर कोणत्या निम्म्यात, हे आकडा सांगत नाही.

त्रास देणाऱ्या गोष्टींमध्ये कर्करोगापेक्षा रक्तक्षय आणि खालावलेली प्रतिकारशक्ती जास्त वेळा पुढे येतात. रक्तक्षयाच्या एका प्रकाराची यंत्रणा तर विलक्षण आहे. मांजरापासून मांजराकडे जातो तो विषाणूचा 'ए' उपप्रकार. त्याच मांजराच्या शरीरात बदल होत होत क्वचित 'सी' उपप्रकार तयार होतो. तो पेशीवरच्या ज्या प्रथिनाला धरून आत शिरतो, ते प्रथिन तयार होणाऱ्या तांबड्या पेशीतून जास्तीचं हीम (रक्ताला लाल रंग देणारा लोहयुक्त घटक) बाहेर टाकायच्या कामी येतं. दार अडलं, हीम आत साचलं, आणि पेशी पूर्ण व्हायच्या आधीच मेली. 'बी' उपप्रकाराची कथा आणखी वेगळी. पाळीव मांजरांच्या डीएनएमध्ये या विषाणूच्या फार जुन्या नातलगांचे अवशेष पिढ्यान्‌पिढ्या पडून आहेत. बाहेरून आलेला विषाणू त्या अवशेषांशी तुकड्यांची अदलाबदल करतो आणि 'बी' जन्माला येतो. पेशींच्या वाढीवर ताबा ठेवणाऱ्या एखाद्या जनुकाशेजारी विषाणूच्या ओळी घुसल्या, तर गाठी होऊ शकतात. तरुण मांजरात छातीच्या पोकळीत होणारी लसिकागाठ ही त्यातली ओळखीची.

हे सगळं वाचून एक चूक होते, आणि ती दवाखान्यातही होते: पुढचं प्रत्येक दुखणं विषाणूच्या खात्यावर टाकायचं. बाधित मांजराच्या हिरड्या फिकट पडल्या, तर कारण अस्थिमज्जाच असेल असं नाही. तांबड्या पेशींना चिकटणारे जीवाणू असतील, तर ते प्रतिजैविकांनी आटोक्यात येतात. पिसवा रक्त पितात, दात सडतात, मूत्रपिंडं थकतात, ती बाधित नसलेल्या मांजरांचीही. 'आता काय, ल्यूकेमियाच तो' म्हणून तपासणी टाळली, तर बरा होणारा आजारही हातचा जातो. फरक घाईचा आहे: निरोगी मांजराच्या बाबतीत दोन दिवस वाट पाहिली तर चालतं, इथे त्याच दिवशी फोन करावा.

घरी करण्यासारखं बरंच आहे. वजन दर आठवड्याला करून लिहून ठेवावं. ४ किलोच्या मांजराचं ४०० ग्रॅम घटलं तर ते दहावा हिस्सा हरवलं, पण केसाळ अंगावर डोळ्यांना ते दिसत नाही. हिरड्यांचा रंग बघायची सवय लावावी. गाढ झोपेत मिनिटाला किती श्वास होतात ते मोजावं. सतत ३० च्या वर जात असतील, तर छातीत गाठ किंवा पाणी नाही ना, हे तपासायला हवं. दोन डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या दिसू लागल्या, तरी दाखवावं. दर सहा महिन्यांनी पशुवैद्याकडून तपासणी आणि ठरावीक अंतराने रक्तगणना व्हावी. मांजर घरातच ठेवावं. त्यात बाहेरच्या मांजरांचं रक्षण आहे, आणि बाहेरच्या जंतूंपासून त्याचंही. नसबंदी करून घ्यावी. कच्चं मांस देऊ नये, त्यातल्या जंतूंशी लढायची ताकद या शरीरात कमी असते. इतर आजारांच्या लसी पशुवैद्य ठरवतील तशा चालू ठेवायच्या, शक्यतो मृत विषाणूच्या.

फेलाइन ल्यूकेमियाची लस आधीच बाधित मांजराला देऊन काहीच होत नाही. ती घरातल्या इतरांसाठी. ही लस १९८५ मध्ये अमेरिकेत प्रथम उपलब्ध झाली. पण त्याआधीच, तपासायचं आणि वेगळं ठेवायचं या साध्या शिस्तीने आजाराचं प्रमाण घटू लागलं होतं. जंगलातही हेच अनुभवाला आलं. २००० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्लोरिडाच्या पँथरांमध्ये आणि २००७ मध्ये स्पेनमधल्या दोन्याना परिसरातल्या आयबेरियन लिंक्स या रानमांजरांमध्ये हा विषाणू शिरला. दोन्ही प्राणी आधीच मोजके उरलेले. वनजीव वैद्यांनी त्यांना पकडून तपासलं, लसी दिल्या, आणि साथ रोखली. घरातल्या सगळ्या मांजरांची तपासणी करून, निगेटिव्ह मांजरांना लस देऊन आणि शक्य असेल तर वेगळ्या खोलीत ठेवून आपण तेच करतो. लस उत्तम असली तरी पूर्ण अभेद्य नाही, म्हणून वेगळं ठेवणंच भरवशाचं. मांजरं वर्षानुवर्षं एकत्र राहिलेली असतील आणि ताटातुटीने दोघंही खाणं सोडत असतील, तर हा निर्णय कठीण होतो, आणि तो पशुवैद्याशी बोलून घ्यावा.

औषधांबद्दल थोडक्यात. विषाणूरोधक औषधं वापरून पाहिली गेली आहेत, काहींनी उपचार चालू असेपर्यंत विषाणू कमी होतो, पण बरं करणारं असं काही हाती आलेलं नाही. एचआयव्हीवर वापरलं जाणारं एझेडटी तर स्वतःच रक्तक्षय वाढवू शकतं. प्रतिकारशक्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या पुड्या आणि थेंबांवर पैसे घालण्यापेक्षा ते रक्तगणनेवर खर्च झालेले बरे.

मनाच्या बाजूने सर्वांत जास्त छळतो तो अपराधभाव: मी उशीर केला का, बाहेर सोडलं म्हणून झालं का. लागण होऊन महिनोन्‌महिने, कधी वर्षंही, काहीच दिसत नाही. कित्येक मांजरं आईकडूनच विषाणू घेऊन आलेली असतात. नेमका क्षण शोधता येत नाही, आणि शोधून उपचारात काही बदलतही नाही. मांजर जिवंत असतानाच त्याच्या जाण्याचं दुःख सुरू होणं, हेही अगदी सर्वसामान्य आहे. दिनदर्शिकेवर रोज एक खूण करायची पद्धत उपयोगी पडते: आज खाल्लं का, अंग चाटून स्वच्छ केलं का, जवळ आलं का, लिटरच्या ट्रेपर्यंत स्वतः गेलं का. वाईट दिवस चांगल्यांपेक्षा जास्त होऊ लागले, की ते कागदावर दिसतं. नुसत्या डोळ्यांना ते लवकर दिसत नाही, कारण आपण रोज थोडं थोडं सरावत जातो. दयामरणाचं बोलणं पशुवैद्याशी मांजर बरं असतानाच करून ठेवावं. कोणती लक्षणं दिसली की थांबायचं, हे शांत डोक्याने ठरवता येतं. रात्री दोन वाजता, धापा टाकणारं मांजर हातात घेऊन ते ठरवता येत नाही.

मांजर गेल्यावर घरात विषाणू राहिला असेल या भीतीने लोक बिछाने जाळतात. त्याची गरज नसते. या विषाणूचं बाह्य आवरण स्निग्ध असतं, साबणाने ते फुटतं, आणि कोरड्या पृष्ठभागावर तो काही तासांतच निकामी होतो. भांडी, ट्रे, अंथरुणं नेहमीसारखी धुवून वाळवली की पुरे. नवीन मांजर आणण्याआधी तपासणी हवी ती घरात उरलेल्या मांजरांची, आणि येणाऱ्या पाहुण्याचीही.