चेक परत आला? आधी तारखा मोजा

संक्रांत झाली की लातूरच्या कोर्टाच्या आवारात हमखास कुणीतरी भेटतं. हातात मेडिकलची प्लास्टिक पिशवी, आत चार घड्या पडलेला चेक आणि आडतीवरची पट्टी, म्हणजे शेतमाल विकणाऱ्या दलालाने दिलेला हिशेबाचा कागद. "साहेब, आडत्या म्हणला, आताच टाकू नका, संक्रांतीपर्यंत दम धरा." सोयाबीनचे पैसे, चेक दसऱ्याचा. चेकवरच्या तारखेपासून तीन महिन्यांत तो बँकेत जमा व्हावा लागतो. म्हणजे दसरा ऑक्टोबरच्या सुरुवातीला आला असेल, तर त्या दिवसाचा चेक संक्रांतीला मेलेला. भिडेपोटी थांबलेला माणूस इथेच फसतो.

तक्रार कोणाला करता येते?

ज्याच्या नावे चेक आहे त्याला, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायदा 1881 च्या कलम 138 खाली. चेक कायदेशीर देण्यापोटी हवा: मालाचे पैसे, हातउसने, मजुरी. देणगी म्हणून दिलेला चालत नाही. व्याजाने पैसे देण्याचा धंदा करत असाल आणि सावकारी परवाना नसेल, तर वसुलीसाठी येऊच नका. उलट तुम्हीच अडकाल.

तारखा

चेक न वटल्याचं बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस. ती मिळाल्यावर समोरच्याला पैसे द्यायला 15 दिवस. ते सरल्यावर एक महिन्यात कोर्टात तक्रार. समजा मेमो, म्हणजे चेक परत आल्याची बँकेची चिठ्ठी, 10 ऑक्टोबरला हातात आला, तर नोटीस 9 नोव्हेंबरपर्यंत गेली पाहिजे. त्याला ती 15 नोव्हेंबरला मिळाली, तर 30 तारखेपर्यंत हात बांधून बसायचं आणि 1 डिसेंबरपासून महिन्याच्या आत तक्रार. घाईने 25 नोव्हेंबरला केलीत तर ती टिकत नाही. तक्रारीला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून माफी मागता येते, नोटिशीच्या 30 दिवसांना ती सोय नाही. मात्र चेकची मुदत शिल्लक असेल तर तो पुन्हा टाकून नवा मेमो घेता येतो. हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

नोटिशीत चेकची रक्कम अचूक लिहा. आणखी एक खड्डा: माझ्याकडे आलेल्या एकाचा चेक दोन लाखांचा होता. मधल्या काळात त्याने फोन पेवर पन्नास हजार घेतले, आणि नंतर चेक मात्र जसाच्या तसा टाकला. समोरच्या वकिलाने उलटतपासणीत फक्त बँकेचा उतारा पुढे केला. रक्कम अंशतः मिळाली असेल तर चेकवर तशी नोंद करून उरलेल्यासाठीच तो टाकायचा असतो.

कागदपत्रं

मूळ चेक, परतीचा मेमो, नोटिशीची प्रत, पोस्टाची पावती आणि पोहोच, शपथपत्र, आधार. देणं दाखवायला पट्टी, उसनवारीची चिठ्ठी, खात्याचा उतारा. व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज द्यायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं. नुसते स्क्रीनशॉट घेऊन येऊ नका. मूळ चेक लॅमिनेट करू नका, असंही सांगावं लागतं.

कुठे?

तुमचं खातं ज्या शाखेत, तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. व्यापारी उदगीरचा, खातं औशाचं, तर तक्रार औशात. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आरोपीने गुन्हा नाकारला की चेकच्या रकमेच्या 20 टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई, म्हणजे निकालाआधीच, कोर्ट देऊ शकतं; त्यासाठी अर्ज करा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या पक्षकारांना तालुका विधी सेवा समितीकडून उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

चेकच नसेल तर?

मग दिवाणी दावा, देणं झाल्यापासून साधारण तीन वर्षांत. मुदत संपायच्या आत देणेकऱ्याने सही करून "इतके देणे आहे" लिहून दिलं, तर तीन वर्षं नव्याने सुरू होतात. तोंडी शब्दाला इथे किंमत नाही, मग तो साडूचा असो की सोयऱ्याचा. आडत्याने मालाचे पैसे थकवले असतील तर बाजार समितीकडेही लेखी तक्रार द्या आणि पोहोच घ्या.

दावा जिंकला तरी पैसे आपोआप येत नाहीत. दरखास्त, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज, लावावी लागते, त्यासाठी 12 वर्षं मिळतात. त्यात जप्त काय करायचं हे तुम्हालाच सांगावं लागतं. म्हणून पहिल्या दिवशी येतानाच त्याच्या बँकेचं नाव, दुकानाचा पत्ता आणि असेल तर सातबाऱ्याचा गट नंबर लिहून आणा.