फॉरमॅट मारण्याआधी: बसलेल्या हार्ड डिस्कची पार्श्वभूमी

पहिली हार्ड डिस्क १९५६ची. ५० तबकड्या आणि त्यांवर मावायची जेमतेम ५० लाख अक्षरं. आपल्याकडे तालुक्याच्या गावांतले फोटो स्टुडिओ, टायपिंगची दुकानं, सेतू केंद्रं संगणकावर आली ती २००० नंतर, म्हणजे नेमकी भारनियमनाच्या वर्षांत.

लाइन गेली की डिस्क मरते, हा समज अर्धाच खरा. वीज तुटली तरी फिरत्या तबकडीच्या उरलेल्या वेगावर हेड, म्हणजे वाचणारं-लिहिणारं टोक, बाजूला नेऊन ठेवायची सोय तेव्हाच्या डिस्कमध्येही होती. बिघडायची ती लिहिणं चालू असलेली फाइल. डिस्क जळायची लाइन येताना. वाढीव दाब हलक्या एसएमपीएसमधून, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यातून, थेट डिस्कच्या सर्किट बोर्डावर यायचा. तबकडी शाबूत, बोर्ड खलास. तेव्हा तशाच मॉडेलचा बोर्ड लावून काम व्हायचं. पुढे प्रत्येक डिस्कची स्वतःची जुळणी, म्हणजे तिच्या वाचण्या-लिहिण्याची नेमकी मापं, बोर्डावरच्या आठ पायांच्या चिपमध्ये साठवली जाऊ लागली, आणि ती चिपही काढून नव्या बोर्डावर बसवावी लागली.

खरा घोळ ‘फॉरमॅट’ या शब्दाने केला. विंडोज नव्याने टाकणं, पार्टिशन (डिस्कचा एक विभाग) साफ करणं, बॅड सेक्टर (डिस्कवरचे खराब झालेले छोटे कप्पे) घालवणं, सगळ्याला दुकानात एकच उत्तर: फॉरमॅट मारू. विंडोज एक्सपीत फुल फॉरमॅट फक्त सेक्टर तपासून फाइलींची नवी यादी लिहायचं. खालचा मजकूर तसाच पडून असायचा. म्हणून रिकव्हरी सॉफ्टवेअरने लग्नाचे फोटो परत यायचे आणि दुकानदाराचा भरवसा वाढायचा. २००७ला आलेल्या विंडोज व्हिस्टापासून तेच फुल फॉरमॅट सगळ्या विभागावर शून्यं लिहू लागलं. व्हिस्टा इकडे फारशी चालली नाही, त्यामुळे हा बदल कळला तो थेट विंडोज ७वर, फोटो कायमचे गेल्यावर. नाव तेच, बटण तेच. यात दुकानदाराला फार दोष देववत नाही. ‘लो लेव्हल फॉरमॅट’चे वेगळे पैसे घेणाऱ्यांचं मात्र समर्थन नाही. ते काम आताच्या डिस्कवर कारखान्याबाहेर होतच नाही. त्या नावाचं सॉफ्टवेअर शून्यंच लिहितं, आणि त्यानंतर नागपूर-पुण्याची लॅबही हात टेकते.

टकटक न करणाऱ्या, म्हणजे हेड शाबूत असलेल्या, पण अडखळत वाचणाऱ्या डिस्कची आधी सेक्टरवार नक्कल काढायची आणि काम नकलेवर करायचं, ही रीत तेव्हाही होती. फुकट सॉफ्टवेअरही होतं. नव्हती ती तेवढ्याच आकाराची दुसरी डिस्क. त्यात २०११च्या अखेरीस थायलंडमधल्या पुराने डिस्कचे भाव जवळपास दुप्पट झाले.

आता सातबारा सर्व्हरवर आहे. जीव टांगणीला लागतो तो स्टुडिओवाल्यांचा. त्यांच्याकडेही एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर साठवणाऱ्या डिस्क, आल्यात. जुन्या डिस्कवर क्विक फॉरमॅटनंतर, म्हणजे फक्त यादी नवी केल्यावर, बरंच काही परत मिळायचं. एसएसडीला विंडोज रिकामी झालेली जागा कळवून टाकते, आणि मग तीही वाट बहुतेक वेळा काही सेकंदांत बंद होते.