वाफेचा रोलर आणि जुनी बाष्पयंत्रे : मुंबईतील रसिकता व जतन

वाफेवर चालणारे रस्तारोलर, गिरण्यांची एंजिने, बोटींची आणि गोद्यांची यंत्रे कामातून बाद झाल्यावर ती हौसेने पाहणे, त्यांची घडण ओळखणे, सुटे भाग जमवणे आणि साधलेच तर भट्टी पेटवून पुन्हा चालवणे, असा हा छंद आहे. इंग्लंडात त्याला क्लब, जत्रा आणि नियतकालिके आहेत. मुंबईत तो विखुरलेला आहे. रेल्वेप्रेमी, गिरणीत उमेदवारी केलेले फिटर आणि जुन्या मोटारींचे संग्राहक आपापल्या वाटेने त्याच्याकडे येतात. या यंत्रकुटुंबात रोलर सर्वांत दुर्लक्षित राहिला, म्हणून प्रस्तुत नोंदीत त्याला झुकते माप दिले आहे.

संज्ञा : मराठीत या यंत्रांची नावे पडली ती वाफेवरून नव्हे, तर आगीवरून. आगगाडी आणि आगबोट हे शब्द लोकांनी घडवले. ‘बाष्पयंत्र’ हा शब्द पाठ्यपुस्तकांतून आला आणि बहुधा तिथेच राहिला. पाहणाऱ्याला धूर आणि ठिणग्या दिसतात, वाफेचे काम बंद सिलिंडरात चालते, हे त्याचे कारण असावे. ‘बंब’ हा शब्द पोर्तुगीज ‘बोंबा’ (पंप) यावरून आला असे सामान्यतः मानतात. आग विझवणारा बंब आणि न्हाणीघरातला तांब्याचा बंब या दोघांना एकच नाव कसे मिळाले, याचा उलगडा मात्र या व्युत्पत्तीने पुरता होत नाही. पाणी तापवण्याच्या बंबात मधल्या नळीत निखारे आणि सभोवार पाणी अशी रचना असते. उभ्या बॉयलरचे तत्त्व नेमके हेच आहे. फरक इतकाच की बंबाला तोंड मोकळे असते, त्यामुळे त्यात दाब साठत नाही. ज्याने लहानपणी बंब पेटवला आहे, त्याला बॉयलर समजावून सांगायला वेळ लागत नाही.

रोलरचा उगम : वाफेचा रोलर प्रथम कोणी केला, याविषयी एकमत नाही. फ्रेंच लेखक बोर्दो येथील लुई लमोआन याच्या १८५९ च्या पेटंटपासून आरंभ करतात. त्यानंतर लवकरच पॅरिसच्या रस्त्यांवर वाफेचे रोलर फिरू लागले. इंग्रजी परंपरा हा मान केंट परगण्यातील रॉचेस्टरच्या टॉमस एव्हलिंगला देते. शेतीकामाच्या वाफेच्या ट्रॅक्शन एंजिनाला (स्वतः चालत ओझी ओढणाऱ्या एंजिनाला) रूळ जोडून त्याने १८६५ च्या सुमारास चाचण्या घेतल्या. १८६७ मध्ये त्याच्या एव्हलिंग अँड पोर्टर या कंपनीने लिव्हरपूल शहराला ३० टनांचा रोलर विकला. व्यापारी अर्थाने यशस्वी झालेला पहिला रोलर म्हणून त्याचाच उल्लेख बहुधा होतो.

या दोन दाव्यांच्या मधे एक तिसरा दावा आहे आणि भारतीय वाचकाला तो जवळचा वाटेल. कलकत्त्याच्या सांडपाणी योजनेशी संबंधित अभियंता विल्यम क्लार्क आणि बर्मिंगहॅमचा डब्ल्यू. एफ. बाथो या दोघांनी १८६३ च्या सुमारास एक रोलर आखला, आणि तो कलकत्त्यासाठी होता. संदर्भग्रंथांत याला एखाद-दुसरी ओळ मिळते. त्या यंत्राने प्रत्यक्ष रस्त्यावर किती काम केले, याबद्दलचे उल्लेख त्रोटक आहेत. ते अपयशी ठरले असे गृहीत धरून पुढे जाण्याचा प्रघात आहे. तो तितकासा न्याय्य नाही, कारण बाथोच्या रचनेचे धागे पुढे एव्हलिंगच्या रोलरांतही दिसतात असे काही अभ्यासक मानतात. लमोआनची कल्पना आधीची, एव्हलिंगचे यंत्र टिकाऊ, आणि मधला दुवा कलकत्त्याकडे जाणारा, ही मांडणी पुराव्याशी अधिक जुळते. हिंदुस्थानातल्या रस्त्यांची गरज ही रोलरच्या जन्मकथेतली नंतरची पुरवणी नाही, ती पहिल्या प्रकरणातच येते.

त्या गरजेचे स्वरूप साधे आहे. खडी पसरून वर मुरूम आणि पाणी टाकायचे, मग ते दाबायचे, ही मॅकॅडम रस्त्याची रीत. बैलांनी किंवा माणसांनी ओढलेला दगडी वा बिडाचा रूळ फार जड करता येत नाही, कारण तो ओढायचा असतो. शिवाय बैलांच्या खुरांनी नुकतीच दाबलेली खडी पुन्हा उकरली जाते. वाफेच्या रोलरमध्ये ओढणाराच दाबणारा झाला.

रचना : रूढ इंग्लिश रोलर तीन टेकूंवर उभा असतो. पुढे काट्यात बसवलेला रुंद रूळ आणि मागे दोन मोठी सपाट चाके. त्याचे वजन साधारण ६ ते १५ टन असते, १० टनी नमुने विशेष प्रचलित होते. वेग चालणाऱ्या माणसाइतका. रेल्वे एंजिनाला चौकट असते आणि तिच्यावर बॉयलर बसतो. रोलरला स्वतंत्र चौकट नसते, बॉयलर हाच कणा असतो. सिलिंडर त्याच्या पाठीवर, सुकाणूची साखळी पोटाखाली आणि मागची चाके भट्टीच्या बाजूंना. एव्हलिंगने १८७० मध्ये भट्टीच्या बाजूचे पत्रे वर वाढवून त्यांतच फिरत्या दंडांचे (शाफ्टांचे) बेअरिंग बसवण्याची युक्ती पेटंट केली. त्यापूर्वी बेअरिंगचे आधार बॉयलरवर बोल्टांनी जखडत, धक्क्यांनी ते ढिले होत आणि पाणी झिरपू लागे. जुन्या यंत्राशेजारी उभा राहणारा जाणकार आधी हे पत्रे पाहतो. पुढच्या काट्यावरची पितळी पट्टी त्यानंतर, आणि त्या पट्टीवर मागच्या पायांवर उभा केंटचा घोडा असेल तर यंत्र एव्हलिंगचे. लीड्सचे फाऊलर आणि गेन्सबरोचे मार्शल ही इतर ठळक घराणी होत.

कानाने ओळखण्याचीही एक रीत आहे. दुहेरी क्रियेचे, म्हणजे दट्ट्याला दोन्ही बाजूंनी वाफ ढकलते असे, एक सिलिंडर असेल तर गतिचक्राच्या एका फेऱ्यात धुराड्यातून दोन ठोके येतात. दोन सिलिंडरांच्या रेल्वे एंजिनात चाकाच्या एका फेऱ्यात चार येतात. कंपाउंड रोलरमध्ये वाफ लहान सिलिंडरातून मोठ्या सिलिंडरात जाऊन मगच बाहेर पडते. ठोके तिथेही दोनच, पण मवाळ. आगगाडीचा ठेका कानात बसलेल्या माणसाला रोलर प्रथम अडखळत चालल्यासारखा वाटतो, तो यामुळे. रोलरवाल्याचे खरे कसब मात्र उलटवण्यात होते. तापल्या डांबरावर यंत्र क्षणभर थबकले तरी खळगा पडतो. म्हणून टोकाला पोचताच गतिदांडा मागे खेचून वाफेचाच ब्रेक करायचा आणि ठोक्याची लय न तोडता मागे निघायचे.

मुंबईतील पार्श्वभूमी : मुंबईची वाफेशी ओळख समुद्रावरून झाली. येथील गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट २० मार्च १८३० रोजी सुएझकडे निघाली आणि सुमारे महिन्याभराने पोचली. तिच्या आखणीत कोळशाची जागा प्रवासाच्या मानाने फारच अपुरी होती, त्यामुळे उरलेला कोळसा जिथे जागा मिळेल तिथे भरावा लागला. जहाजबांधणीच्या वाडिया घराण्यातील अर्देशिर कर्सेटजी (१८०८–७७) यांनी १८३० च्या दशकात स्वतः लहान बाष्पयंत्र बनवले. पुढे ते मुंबईच्या सरकारी स्टीम फॅक्टरीचे मुख्य अभियंता झाले आणि १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय सदस्य. आजच्या हौशी मंडळींचा आद्यपुरुष शोधायचाच असेल, तर तो येथे सापडतो. माझगावच्या आपल्या बंगल्यात गॅसचे दिवे लावून पाहणारा हा माणूस नोकरीपुरता अभियंता नव्हता.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेल्या गाडीची आणि तिच्या साहिब, सिंध व सुलतान या एंजिनांची हकिगत सर्वश्रुत आहे. कावसजी नानाभाई दावर यांची ताडदेवची गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली आणि त्यानंतर गिरणगावात धुराडी वाढत गेली. गिरणीतले मुख्य एंजिन एकच असे. त्याच्या खोबणीदार गतिचक्रावरून दोर निघत आणि मजल्यामजल्यावरचे दंड फिरवत. १९१५ पासून खोपोलीची जलविद्युत मुंबईत आली आणि ही एंजिने हळूहळू थांबली. बॉयलर मात्र थांबले नाहीत, कारण खळ आणि रंगाईला वाफ लागतच होती. गिरणगावाच्या आठवणीत भोंगा आहे आणि एंजिन नाही, याचे एक कारण हे असू शकेल. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडल्या, तेव्हा जे लोखंड उरले होते ते वजनावर गेले. धुराडी काही ठिकाणी राहिली. लोअर परळच्या फिनिक्स मिलचे धुराडे मॉलच्या आवारात अजून उभे आहे.

एक उणीव मुद्दाम नोंदवावी. लंडनमध्ये पाणीपुरवठ्याची अजस्र तुळई-एंजिने (वर डुलत्या तुळईने पंप चालवणारी) जतन झाली आहेत, तसे मुंबईत काही नाही. विहार (१८६०), तुळशी आणि तानसा (१८९२) या तलावांचे पाणी उताराने शहरात येई, उपसावे लागत नसे. उपसावे लागले ते मैलापाणी, आणि त्याच्या पंपांभोवती स्मारक उभारावे असे कोणाला वाटले नाही.

जतन : इंग्लंडमधील चळवळीचा आरंभ सामान्यतः १९५० मधील एका पैजेपासून धरतात. ॲपलफर्ड गावी दोन ट्रॅक्शन एंजिनांची शर्यत लागली आणि बक्षीस होते बिअरचे पिंप. १९५४ मध्ये राष्ट्रीय क्लब निघाला. मुंबईत अशी घटना घडली नाही. एक तर वेळ जुळली नाही. इंग्लंडात हौशी लोक भंगारवाल्याकडून रोलर सोडवत होते, तेव्हा आपल्याकडे तीच यंत्रे रस्त्यावर राबत होती आणि राबणाऱ्या यंत्राला कोणी जुने म्हणत नाही. ती निवृत्त झाली तेव्हा लिलावात वजनाला भाव होता, वयाला नव्हता. दुसरे म्हणजे जागा. दहा टनांची वस्तू सोसायटीच्या आवारात ठेवू द्या, असे सर्वसाधारण सभेला विचारून पाहावे.

त्यामुळे मुंबईत बाष्पयंत्र पाहायचे ते बहुतेक चौथऱ्यावर. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात वाफेचे रेल्वे एंजिन आहे. १९०७ मध्ये सुरू झालेल्या माथेरान रेल्वेचे ओरेनस्टाईन अँड कॉपेल बनावटीचे छोटे एंजिन नेरळला दिसते. लहान प्रतिकृती पाहायला मंडळी पुण्यात कोथरूडच्या जोशी यांच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात जातात. चौथऱ्यावरच्या यंत्राचे आयुष्य वाढते, हे खरे. पण त्यावर तेलाऐवजी रंगाचे थर चढतात, सांधे रंगातच थिजतात आणि काही वर्षांनी दट्ट्या सिलिंडरात गच्च होतो. जाणकार अशा यंत्राकडे पाहताना रंगाचा नव्हे, तर गतिचक्र हाताने हलते का याचा अंदाज घेतो.

सुट्या भागांची गोष्ट निराळी. मुंबईच्या बंदरकाठच्या दारूखाना भागात जुन्या बोटी मोडल्या जात आणि तेथील पितळ चोरबाजारात येई. दाबमापकाची तबकडी, शिट्टी, तेलाची कुपी, कंपनीच्या नावाची पट्टी अशा वस्तूंवर अनेकांचा संग्रह उभा आहे. येथे फसगतही पुष्कळ. नवी ओतीव पितळी पट्टी चिंचेने आणि आम्लाने ‘जुनी’ करून मिळते. खऱ्या पट्टीच्या मागच्या बाजूला स्क्रूच्या भोकांभोवती झीज असते, नकलेच्या मागे ओतकामाची रेती.

बॉयलरचा कायदा : यंत्र प्रत्यक्ष पेटवायचे तर गाठ कायद्याशी पडते. कलकत्त्यात १८६३ मध्ये बॉयलर फुटून माणसे मेली आणि त्यातून पुढच्या वर्षी बंगालचा कायदा आला. प्रांतोप्रांतीच्या निराळ्या नियमांच्या जागी १९२३ चा भारतीय बॉयलर कायदा झाला. तो एक शतकभर चालला आणि २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. हौशी माणसाच्या दृष्टीने महत्त्वाची ती मर्यादा. २५ लिटरांपेक्षा कमी धारणेची भांडी व्याख्येबाहेर राहतात. टेबलावरचे खेळणे त्यामुळे सुटते, रोलर सुटत नाही. त्याला नोंदणी, तपासणी आणि मुदतीचा दाखला लागतो. मूळ नकाशे हरवलेल्या शंभर वर्षांच्या रिव्हेट केलेल्या बॉयलरला तो मिळवणे जिकिरीचे आहे. ही सावधगिरी अनाठायी म्हणता येणार नाही. एक लिटर पाण्याची उघड्या हवेत सुमारे १,६०० लिटर वाफ होते, हे ध्यानात घेतले म्हणजे पुरे.

१९९५ च्या वारसा नियमावलीने मुंबईतील इमारतींना संरक्षण दिले. यंत्रे त्या चौकटीत सहज बसत नाहीत. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यातील व्याख्येत विज्ञानाचे दर्शन घडवणाऱ्या शंभर वर्षांच्या वस्तू येतात, पण दहा टनी रोलरला हा निकष लावण्याची कल्पना अद्याप पुस्तकीच आहे.

देखभाल : तलावांचे पाणी मऊ असल्याने मुंबईत बॉयलरमध्ये क्षार कमी बसतात. खारी दमट हवा मात्र घातक. भट्टीत राहिलेली राख ओल धरते, तिच्यातील गंधकाचे आम्ल होते आणि पत्रा आतून खाल्ला जातो. म्हणून पावसाळ्यापूर्वी राख पूर्ण काढायची, बॉयलर कोरडा करून आत चुनकळीच्या परड्या ठेवायच्या आणि धुराड्यावर झाकण घालायचे, हा जुना फिटरी शिरस्ता. पेटवण्याच्या दिवशी घाई चालत नाही. थंड यंत्राला दाब धरायला दोन-तीन तास द्यावे लागतात, नाहीतर पत्रे असमान फुगून सांधे गळतात. देशी कोळशात राख जास्त, त्यामुळे जाळीवर वितळून बसलेले खंगर वारंवार फोडावे लागते.

खेळणी : इंग्लंडच्या मामोड कंपनीचा स्पिरिटच्या दिव्यावर चालणारा छोटा रोलर संग्राहकांत प्रिय आहे. त्याहून ओळखीची, पण या संदर्भात सहसा न मोजली जाणारी वस्तू म्हणजे जत्रेत मिळणारी पत्र्याची होडी. आत तेलाची वात पेटवली की ती परातीतल्या पाण्यात फटफट करत फिरते. तिच्यात दट्ट्या नाही, झडप नाही. पत्र्याच्या डबीतले पाणी वाफ होऊन नळ्यांतून बाहेर ढकलले जाते आणि लगेच पुन्हा आत ओढले जाते. पाणी आत-बाहेर सारखेच जात असता होडी पुढेच का जाते, हे समजावताना चांगले अभियंतेही थोडा वेळ घेतात. बाहेर जाणारे पाणी एका धारेत मागे फेकले जाते, आत येणारे सर्व बाजूंनी गोळा होते, असे त्याचे उत्तर सामान्यतः देतात.