बालसंगणक आणि विद्यार्थी स्वयंसेवक (नागपूर)

लहान मुलांच्या शिक्षणासाठी बनवलेल्या स्वस्त लॅपटॉपवरचे सॉफ्टवेअर लिहिणे, ते मुलांच्या भाषेत आणणे, तपासणे आणि शाळेतली यंत्रे चालू ठेवणे हे काम महाविद्यालयीन विद्यार्थी मोबदला न घेता करतात. त्या प्रथेची ही नोंद आहे. प्रथा जगभरची आहे, पण इथे ती नागपूरच्या अंगाने मांडली आहे. विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था (स्थापना १९६०) ते भारतीय माहिती तंत्रज्ञान संस्था (२०१६) अशी तंत्रशिक्षणाची मोठी फळी या शहरात आहे. रामटेक, उमरेड, काटोल या तालुक्यांतल्या जिल्हा परिषदेच्या शाळा इथून एसटीने दीड-दोन तासांवर येतात. सॉफ्टवेअर लिहिणारा हात आणि ते वापरणारे मूल एका दिवसात भेटून परत येता येते, ही गोष्ट या कामात फार मोलाची आहे.

मुलाच्या हाती स्वतःचा संगणक द्यावा हा विचार जुना आहे. १९६७ मध्ये सीमोर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही प्रोग्रामिंगची भाषा बनवली. १९७२ मध्ये ॲलन के यांनी मुलांसाठी वहीएवढ्या संगणकाची, ‘डायनाबुक’ची, कल्पना मांडली. जानेवारी २००५ मध्ये दावोस इथे एमआयटी मीडिया लॅबचे निकोलस निग्रोपाँटे यांनी १०० डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा केली आणि ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ हा प्रकल्प सुरू झाला. ‘एक्सओ’ नावाचे ते यंत्र २००७ च्या अखेरीस मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले. किंमत १०० डॉलरवर आली नाही, २०० च्या जवळपास राहिली. तरीही उरुग्वे, पेरू आणि इतर देश धरून वीस लाखांहून अधिक यंत्रे मुलांच्या हाती पोहोचली.

यंत्र हिरवे-पांढरे, वर उचलायला मूठ आणि सशाच्या कानांसारखे दोन अँटेना. ते कान मिटले की यूएसबीची भोके झाकली जातात. कळफलक रबरी पडद्याखाली असल्यामुळे धूळ आत जात नाही. साडेसात इंची पडद्याचा मागचा दिवा बंद केला की भर उन्हात अक्षरे काळी-पांढरी, पण स्वच्छ दिसतात. ४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि १ जीबी साठवण, एवढाच संसार. बारा व्होल्टच्या बॅटरीवर किंवा सौर पॅनेलवर ते चार्ज होते. मुलांनी स्वतः उघडून दुरुस्त करावे म्हणून काही जादा स्क्रू यंत्राच्या आतच बसवलेले होते.

त्यावर चालणारी ‘शुगर’ ही प्रणाली लिनक्स या फुकट, खुल्या कार्यप्रणालीवर उभी असून तिचा मोठा भाग पायथन भाषेत लिहिलेला आहे. तिच्यात ‘ॲप्लिकेशन’ नसतात, ‘ॲक्टिव्हिटी’ असतात, आणि त्यांतल्या पुष्कळांची नावे क्रियापदे आहेत : लिही, रंगव, मोज, बोल. फाइल जतन करण्याचे बटण दाबत बसावे लागत नाही. मुलाने जे केले ते आपोआप रोजनिशीत जाते. एक्सओच्या कळफलकावर ‘मूळ सोर्स पाहा’ अशी एक कळही होती. समोरचा खेळ आतून कसा बनला आहे ते मुलाने उघडून बघावे, ही त्यामागची इच्छा. २००८ मध्ये वॉल्टर बेंडर यांनी ‘शुगर लॅब्ज’ ही स्वयंसेवकांवर चालणारी संस्था सुरू केली आणि शुगर कोणत्याही संगणकावर चालेल अशा दिशेने काम वळले. २००९ मध्ये ती पेन ड्राइव्हवरून चालू लागली. त्यामुळे ज्या जुन्या संगणकावर नवी विंडोज रडतखडत चालते, तोही शाळेत कामाला लावता येतो.

नागपूरच्या दृष्टीने ही शेवटची गोष्ट महत्त्वाची. केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्ये या लॅपटॉपला नकार दिला होता. महाराष्ट्रात २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैरात गावच्या एकशिक्षकी शाळेत वीसएक मुलांना यंत्रे देऊन पहिला प्रयोग झाला, पण सरकारी पातळीवर मोठी खरेदी झाली नाही. म्हणून इथल्या विद्यार्थ्याच्या वाट्याला येणारे काम हिरवे लॅपटॉप वाटण्याचे नाही. कोड दुरुस्त करणे, मराठी बसवणे आणि शाळेच्या कपाटात कुलूपबंद पडलेले संगणक जिवंत करणे, हे ते काम.

यांत मराठी बसवण्याचे काम दिसायला सोपे आणि प्रत्यक्षात सगळ्यात खोल आहे. भाषांतराच्या फाइलमध्ये डाव्या बाजूला इंग्रजी ओळ असते, उजवीकडे मराठी लिहायची. पहिल्याच ओळीला प्रश्न पडतो : ‘लिहा’ की ‘लिही’? मोठ्यांच्या संगणकावर ‘लिहा’, ‘उघडा’, ‘रद्द करा’ अशी आदरार्थी रीत रुळली आहे. पण सात वर्षांच्या मुलीला घरात, शाळेत कोणी ‘अहो, लिहा’ म्हणत नाही. मुलांच्या यंत्राने ‘लिही’च म्हणावे. पुढची अडचण लिंगाची. खेळ जिंकल्यावर ‘जिंकलास’ लिहिले तर मुलगी बाहेर राहते आणि ‘जिंकलीस’ लिहिले तर मुलगा. यंत्राला समोर कोण बसले आहे ते ठाऊक नसते. इथे ‘जमलं!’ हा एक शब्द सगळे निभावून नेतो. असे शब्द कोशात शोधून मिळत नाहीत, मुलांशी बोलता बोलता सापडतात. विदर्भातले मूल ‘मले’, ‘तुले’ म्हणते, आणि काही अडले की ‘काहून?’ विचारते. पाट्या पुस्तकी मराठीत राहिल्या तरी हरकत नाही, पण यंत्र मोठ्याने बोलते तिथे आणि मदतीच्या मजकुरात वाक्ये छोटी, बोलल्यासारखी असलेली बरी.

अक्षरांची दुखणी वेगळी. ‘दऱ्या’ लिहायचा आणि पडद्यावर ‘दर्या’ उमटायचा, म्हणजे डोंगरांमधल्या खोलगट जागांचा समुद्र होतो. भूगोलाच्या धड्यात ही चूक चालत नाही. मराठीचा हा ऱ्य नीट उमटायला फाँट, कळफलक आणि अक्षरे जुळवणारी प्रणाली, तिघांचे एकमत लागते. ‘ॲ’ची कथाही तशीच. या अक्षराला युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिपींच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीत, स्वतःची जागा २००८ मध्ये मिळाली. त्याआधी लोक ‘अ’वर अर्धचंद्र चढवून काम भागवत. दोन्ही रूपे दिसायला सारखी, पण संगणकाच्या लेखी वेगळी. मुलाने एका पद्धतीने ‘ॲना’ शोधले तर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेली ‘ॲना’ सापडत नाही. आकड्यांतही गंमत आहे. पायथनला मजकूर म्हणून ‘१००’ दिले तर त्याला ते शंभर कळते. प्रोग्रामच्या ओळीत तेच मराठी आकडे थेट टाकले तर ते चूक दाखवते. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्ट या भाषेला मात्र मजकुरातले ‘१००’ही कळत नाही, रूपांतराचा कोड आपल्यालाच लिहावा लागतो. पहिलीपासून मराठी आकड्यांत गणित शिकणाऱ्या मुलासाठी हे पाचदहा ओळींचे काम फार मोठे आहे, आणि दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला ते एका संध्याकाळी जमते.

काम प्रत्यक्ष कसे चालते याचा अंदाज कासवाच्या ॲक्टिव्हिटीवरून येतो. पडद्यावर कासव असते, ठोकळे जोडून त्याला आज्ञा द्यायच्या. ‘पुढे १००, उजवीकडे ९०’ चार वेळा केले की चौकोन होतो. मग मूल त्रिकोण काढायला घेते. त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा हे पाठ असते, म्हणून ते ‘उजवीकडे ६०’ तीन वेळा करते आणि आकृती उघडीच राहते. आता उत्तर न सांगता थांबणे ही स्वयंसेवकाची खरी परीक्षा. जमिनीवर खडूने रेघ मारून मुलाने स्वतः कासव होऊन चालावे. कोपऱ्यावर आपण किती वळतो ते पायांना कळते आणि मूल परत जाऊन १२० घालते. त्याच वेळी ‘उजवीकडे’ हा शब्द ठोकळ्यात मावत नाही, शेवटचे अक्षर कापले जाते, हेही विद्यार्थ्याच्या लक्षात येते. वसतिगृहाच्या खोलीत स्वतःच्या मोठ्या पडद्यावर ते कधी दिसले नसते.

गावापर्यंत जाण्याची वाट बहुधा राष्ट्रीय सेवा योजनेतून जाते. १९६९ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास द्यायचे असतात आणि सात दिवसांचे शिबिर असते. शिबिरात रस्ता झाडला जातो, झाडे लावली जातात. शाळेतला संगणक सुरू करून देणे हेही त्याच तासांत बसते. दुसरा दरवाजा शुगर लॅब्जमार्फत, गूगल समर ऑफ कोडचा आहे : या उपक्रमात नवशिके खुल्या सॉफ्टवेअर प्रकल्पांसाठी कोड लिहितात. तिथे मानधन मिळते, त्यामुळे काटेकोर अर्थाने ते स्वयंसेवा नाही, पण आधी काही महिने फुकट काम करून ओळख झालेल्यालाच तिथे सहसा संधी मिळते. शुगर पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीवरून तिसरीवर नेण्याच्या कामात, म्हणजे १ जानेवारी २०२० ला जुन्या आवृत्तीचा आधार संपण्याच्या आसपास, अशा विद्यार्थ्यांचा मोठा हात होता.

इथे वैदर्भीय उन्हाळा आडवा येतो. समर ऑफ कोडचा हंगाम मे ते ऑगस्टचा. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि विदर्भातल्या शाळा बाकीच्या महाराष्ट्रानंतर, जूनच्या अखेरीस उघडतात. म्हणजे निम्मा हंगाम कोड लिहायला माणूस आहे आणि तो तपासायला मूल नाही. शहाणा विद्यार्थी मे-जूनमध्ये फाँट, आकडे, भाषांतर अशी मुलाशिवाय होणारी कामे उरकतो आणि शाळा उघडताच गावात जातो. उघड्या पत्र्याखालच्या वर्गात जुना संगणक तापून बंद पडतो, म्हणून बैठक सकाळच्या शाळेत घ्यावी लागते. बॅटरी, चार्जरची पिन, रॅमचा तुकडा असे किरकोळ सामान नागपूरच्या बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, शोधता येते.

सगळ्यात मोठी अडचण पैशाची नाही, सातत्याची आहे. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून छान सॉफ्टवेअर बनते, तोंडी परीक्षा होते, जाड बांधणीचा अहवाल कपाटात जातो आणि मुले नोकरीसाठी पुण्या-बंगळुरूला निघून जातात. पुढच्या जूनमध्ये शाळेतला संगणक पासवर्ड मागतो आणि तो कोणालाच माहीत नसतो. याला तोडगा आहे आणि तो अवघड नाही : कोड पहिल्या दिवसापासून खुल्या परवान्याखाली, म्हणजे कोणालाही वापरता-बदलता येईल असा, मूळ प्रकल्पातच जमा करायचा, दुसऱ्या वर्षाच्या एकाला सोबत घ्यायचे, आणि शाळेच्या भिंतीवर ठळक मराठीत एक कागद लावायचा, त्यावर सुरू कसे करायचे, बंद कसे करायचे आणि अडले तर काय करायचे. स्वतःचे वेगळे ॲप बनवण्यापेक्षा आधीच्या ॲक्टिव्हिटीतली एक चूक सुधारणे कमी दिमाखाचे वाटते, पण टिकते तेच.

यंत्राने शिक्षण आपोआप सुधारते का, याचे उत्तर पेरूने दिले आहे. तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांच्या २०१२ च्या अभ्यासात गणित आणि भाषेच्या गुणांत फरक आढळला नाही. सर्वसाधारण आकलनक्षमतेच्या चाचण्यांत मात्र काहीसा चांगला परिणाम दिसला. हा निकाल नागपूरच्या प्रत्येक स्वयंसेवकाने कामाला लागण्याआधी वाचावा. यंत्र पोहोचवून परत फिरायचे नसते. गुरुजींना, बाईंना ते कशासाठी वापरायचे हे हाती धरून दाखवावे लागते, आणि त्यांचा ‘आधीच खूप कामे आहेत’ हा शब्द मनापासून ऐकावा लागतो.

एक मोठे काम अजून वाट पाहते आहे. नागपूर १७०२ मध्ये गोंड राजा बख्त बुलंद शाह याने वसवले. रामटेक तालुक्यातल्या देवलापारच्या बाजूला आणि पुढे चंद्रपूर-गडचिरोलीत गोंडी बोलणारी मुले आजही मराठी शाळेत येतात. गोंडीच्या मसराम लिपीला २०१७ मध्ये आणि गुंजाला लिपीला २०१८ मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली. देवनागरीत लिहिलेली गोंडी तर आहे त्याच फाँटमध्ये चालते. कासवाच्या ठोकळ्यांवर मोजकेच शब्द असतात : पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे, थांब, पुन्हा आणि असे थोडे. ते गोंडीत हवे असतील तर गावातल्या एखाद्या आजीजवळ बसून दोन तासांत लिहून घेता येतात.