तोल गेलेला मासा

भरती लागली की खाडीच्या धक्क्यावर उभं राहून खाली बघावं. पाणी रिकामं वाटतं. बोयांचा थवा पायाखालून चाललेला असतो, पण त्यांच्या काळपट पाठी तळाच्या चिखलात मिसळून गेलेल्या असतात. मग त्यातली एक बोय कुशीवर कलते, लखकन चमकते, आणि तेव्हा कळतं की इथे पन्नासेक मासे आहेत.

आपल्याला ती जशी सापडते तशीच ती तिची शिकार करणाऱ्या जिताडा या मोठ्या माशालाही सापडते. घरी लाकडाचे नकली मासे, म्हणजे ल्युअर, घडवण्याचा छंद असलेल्या माणसाने ही एक चमक नीट समजून घ्यावी. लाकूड किती तासायचं, शिसं कुठे बसवायचं, रंग कुठला द्यायचा, हे सगळं तिथूनच ठरत जातं.

माशाच्या अंगावरची चांदी म्हणजे ग्वानिन या पदार्थाचे पातळ स्फटिक. डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक असलेलं तेच हे ग्वानिन. कातडीत आणि खवल्यांवर हे स्फटिक थरावर थर रचलेले असतात, थराथरावरून परतणारा प्रकाश एकमेकांना बळ देतो आणि आरसा तयार होतो. इंग्लंडमध्ये प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेत एरिक डेंटन यांनी १९६० च्या दशकात या आरशांचा बारकाईने अभ्यास केला. माशाचं अंग गोलसर असलं तरी कुशीवरचे स्फटिक जवळजवळ उभे लावलेले असतात, असं दिसून आलं. पाण्यात उजेड वरून येतो आणि सगळ्या बाजूंना सारखाच विरत जातो. अशा जागी उभ्या आरशात जे दिसतं, ते त्याच्यामागच्या पाण्याइतकंच उजळ असतं. त्यामुळे आरसा नजरेला लागतच नाही. मासा सरळ पोहतो तोवर झाकलेला राहतो. अंग थोडं कललं, की तोच आरसा वरचा प्रखर उजेड पकडून बाजूला फेकतो.

शिकारी माशाच्या लेखी चमक म्हणजे तोल गेल्याची खूण. भक्ष्य जखमी आहे, आजारी आहे किंवा घाबरून वळलं आहे. थव्यातून नेमकं तेच उचलायला सोपं.

फिनलंडच्या पाय्यान्ने सरोवरावर मासेमारी करून पोट भरणाऱ्या लाउरी रापाला यांनी हे होडीतून पाहून ओळखलं होतं. मोठा मासा छोट्यांच्या थव्यात घुसायचा तेव्हा तो थोडा वेगळा, डगमगत पोहणारा मासाच उचलायचा. १९३६ साली त्यांनी बुचाचा तुकडा चांभाराच्या रापीने तासला आणि काचकागदाने घासला. वरून चॉकलेटच्या कागदाची चांदी चिकटवली, आणि वॉर्निश नव्हतं म्हणून फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्यांचा लेप दिला. पुढे बुचाच्या जागी बाल्साचं लाकूड आलं. अमेरिकेच्या ‘लाइफ’ साप्ताहिकाने १९६२ च्या ऑगस्टमध्ये या ल्युअरवर लेख छापला. त्याच अंकाच्या मुखपृष्ठावर नुकत्याच वारलेल्या मेरिलिन मन्रो होत्या, त्यामुळे तो अंक अफाट खपला आणि रापालांचा मासाही जगभर पोचला. चॉकलेटची चांदी, रापी, काचकागद, निगेटिव्ह: या यादीतली एकही वस्तू महाग नाही. महाग होतं ते होडीत बसून केलेलं निरीक्षण.

आता तोल तपासायच्या बादलीकडे येऊ. छंदाला नव्याने लागलेले बहुतेक जण दोन आठवडे रंगकामात घालवतात आणि तोल बघायला पाच मिनिटं देतात. मीही पहिल्या वेळी हेच केलं. खवलं न् खवलं रंगवलेला मासा पाण्यात सोडला तर तो पोट वर करून तरंगला. तेव्हापासून माझा क्रम ठरला आहे: आधी उघडं लाकूड, मग तार आणि शिसं, मग पाणी, आणि पाण्याने होकार दिला तरच रंग.

हिशेब सोपा आहे. समजा, बोटाएवढ्या माशाचं आकारमान १५ घनसेंटिमीटर आहे. तो पूर्ण बुडाला तर १५ ग्रॅम गोडं पाणी बाजूला सारेल. बाल्साची घनता पाण्याच्या साधारण १५ टक्के, म्हणजे लाकडाचं वजन सव्वादोन ग्रॅम. गळ, तार, शिसं आणि लेप मिळून साडेबारा ग्रॅमपर्यंत चढवले तरी तो तरंगतो. समुद्राचं पाणी मात्र गोड्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असतं, तिथे हाच मासा १५.४ ग्रॅमचा भार पेलतो. मधल्या पाण्यात स्थिर राहावा म्हणून नळाच्या पाण्यात काट्यावर जुळवलेला ल्युअर खाडीच्या तोंडाशी वर येऊन तरंगू लागतो तो या ०.४ ग्रॅममुळे. खाडीची गोष्ट तर आणखी वेगळी: तिथलं पाणी मे महिन्यात खारट आणि श्रावणात जवळपास गोडं. ज्या पाण्यात मासा ओढायचा, त्याचीच बाटली भरून घरी आणावी आणि त्यात जुळवणी करावी.

शिसं किती यापेक्षा कुठे, हा प्रश्न अधिक नाजूक. ते पोटाखाली बसवलं की गुरुत्वमध्य खाली जातो, आणि मासा कलला तरी पाण्याचा उचल-दाब त्याला पुन्हा सरळ करतो. फार खाली आणि फार जड बसवलं तर तो इतका स्थिर होतो की हलतच नाही, रुळावरून चालल्यासारखा सरळ येतो. फार वर बसवलं तर उलटतो. या दोन टोकांच्या मधली एक चिंचोळी जागा अशी असते की मासा सारखा तोल घालवतो आणि सारखा सावरतो. ती जागा सापडेपर्यंत मी शिशाचे तुकडे रबरबँडने पोटाला बांधून मागेपुढे सरकवत राहतो, आणि या छंदातली सगळ्यात सुंदर संध्याकाळ तीच असते असं मला वाटतं. शिसं विषारी आहे, तेव्हा ते घरात वितळवू नये, कापलेले तुकडे वापरावेत आणि हात धुवावेत. इंग्लंडमध्ये गळाची लहान शिसं गिळून हंस मरू लागले म्हणून १९८७ साली अशा शिशांवर बंदी आली. टंगस्टन महाग पडतं, पण ते शिशाहून जड असल्याने लहान तुकड्यात काम भागतं.

डगमग येते ती हनुवटीखालच्या पारदर्शक पट्टीमुळे. जुन्या सीडीचा तुकडा कापून ती करता येते, कारण सीडी पॉलिकार्बोनेटचीच असते. कुठलीही रुंद, बोथट वस्तू पाण्यातून ओढली की तिच्या मागे आळीपाळीने डावीकडे आणि उजवीकडे भोवरे सुटतात. शास्त्रज्ञ थिओडोर फॉन कार्मान यांच्या नावाने ही भोवऱ्यांची रांग ओळखली जाते. दर सेकंदाला भोवऱ्यांच्या किती डाव्या-उजव्या जोड्या सुटतील याचा ढोबळ अंदाज असा: वेगाला रुंदीने भागायचं आणि ०.२ ने गुणायचं. पट्टी दीड सेंटिमीटर रुंद आणि ओढण्याचा वेग सेकंदाला ६० सेंटिमीटर असेल, तर सेकंदाला ८ झटके येतात. पट्टी रुंद केली की डगमग संथ आणि मोठी होते, अरुंद केली की थरथर. पोहणाऱ्या माशांच्या शेपटीचे सेकंदाला होणारे फटके, तिच्या झोक्याची रुंदी आणि माशाचा वेग यांचं असंच गुणोत्तर काढलं तर ते बहुधा ०.२ ते ०.४ च्या दरम्यान येतं. सीडीचा तुकडा आणि जिवंत शेपटी एकाच हिशेबाच्या आसपास हलतात, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ हातातला तुकडा बघत बसलो होतो.

ही थरथर फक्त डोळ्यांसाठी नसते. माशाच्या दोन्ही कुशींवर डोक्यापासून शेपटीपर्यंत पार्श्वरेषा असते. तिच्यातल्या केसाळ पेशी आपल्या कानाच्या आतल्या पेशींच्याच जातकुळीच्या, आणि त्या जवळच्या पाण्याची हालचाल टिपतात. पावसाळ्यात खाडी चहासारखी गढूळ झाली की जिताडा भक्ष्यापर्यंत पोचायला तिचीही मदत घेतो. हाच मासा गोव्यात चोणक आणि ऑस्ट्रेलियात बारामंडी. तो चावायला धावत नाही. तोंड एकदम उघडतो आणि पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो. त्यामुळे नकली मासा हलका असेल तर तो सहज आत जातो. आत गेल्यावर मात्र जिताडा असा हिसडा देतो की हलक्या लाकडातले स्क्रू उपटून निघतात. म्हणून नाकापासून शेपटीपर्यंत स्टेनलेस स्टीलची एकच अखंड तार घालावी आणि गळ त्या तारेलाच अडकवावेत. बाल्सा मिळाला नाही तर पांगारा किंवा सावर चालते. दोन्ही बाल्सापेक्षा जड, पण सागापेक्षा पुष्कळच हलकी.

रंगाकडे आता वळतो, आणि इथे एक पेच आहे. अमेरिकन चित्रकार ॲबट थेयर यांनी १८९६ साली दाखवून दिलं की बहुतेक प्राण्यांची पाठ गडद आणि पोट फिकं असतं ते सावली पुसण्यासाठी. वरून उजेड पडला की वस्तूचा वरचा भाग उजळतो, खालचा काळवंडतो, आणि तिला गोलाई येते. निसर्ग उलटा रंग लावून ती गोलाई मारतो. माशाची काळी पाठ आणि पांढरं पोट म्हणजे लपण्याची कला. मग आपण ती हुबेहूब उतरवली तर आपला ल्युअरही लपणार! म्हणून नक्कल अर्ध्यावर सोडावी लागते. मी पाठ गडद, पोट पांढरं ठेवतो, पण कुशीवर चांदी लावतो आणि गळ्याखाली एक भडक ठिपका देतो. एसीच्या नळीला लावतात ती ॲल्युमिनियमची चिकटपट्टी कानशीवर दाबून घासली की खवल्यांची नक्षी उमटते. हा आरसा डगमगणाऱ्या अंगावर बसला की दर झटक्याला एकदा उजेड फेकतो, आणि सेकंदाला आठ वेळा ‘माझा तोल गेलाय’ असं सांगतो.

भडक ठिपका कुठल्या रंगाचा, हे पाण्याला विचारावं. स्वच्छ समुद्रात तांबडा प्रकाश पाच-दहा मीटरांतच बहुतेक शोषला जातो, तिथे लाल ठिपका काळपट दिसतो. गाळ आणि कुजलेल्या पालापाचोळ्याने रंगलेल्या खाडीत उलट निळा आधी संपतो आणि पिवळा-तांबूस उजेड उरतो. परदेशी पुस्तकांतले रंगांचे नियम इथे जसेच्या तसे लागत नाहीत ते यामुळे. संध्याकाळी तर रंगाला फारसा अर्थच राहत नाही. माशाच्या डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या आणि अंधारात पाहणाऱ्या पेशी त्या वेळी पडद्यामध्ये आपल्या जागा बदलत असतात. खालून वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचं सगळं जग डोक्यावरच्या सुमारे ९७ अंशांच्या गोल झरोक्यात दिसतं. त्या मावळत्या आभाळावर सगळ्यात ठळक दिसते ती काळी आकृती. माझ्या रात्रीच्या डब्यातले मासे साधे काळे आहेत, आणि ते रंगवायला दहा मिनिटं लागली.

लेप मात्र घाईने देऊ नये. लाकडात पाणी शिरलं की ते फुगतं आणि रंग तडकतो. त्यामुळे रंगाच्या आत पातळ एपॉक्सी (दोन भाग मिसळले की घट्ट होणारी राळ), वर पांढरा अस्तर, मग ॲक्रिलिक रंग, आणि शेवटी पुन्हा दोन भागांचं एपॉक्सी. मिसळलेलं एपॉक्सी ओघळतं, म्हणून मासा मिनिटाला चार-पाच फेरे घेणाऱ्या मोटरवर फिरता ठेवायचा. कोकणातल्या पावसाळ्यात आणखी एक अडचण येते. हार्डनरमधली, म्हणजे एपॉक्सी घट्ट करणाऱ्या भागातली, अमाइन नावाची रसायनं हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याशी जुळून मेणचट थर तयार करतात. त्यावर दुसरा हात दिला तर तो पापुद्र्यासारखा निघतो. कोमट पाण्याने आणि साबणाने धुऊन, काचकागद मारून मगच पुढे जावं. शक्य असेल तर लेपाचं काम दसऱ्यानंतर काढावं.

सगळं झाल्यावर मासा धक्क्याच्या कडेने हळू ओढून बघायचा. तो डावीकडे पळत असेल तर नाकातली कडी पक्कडीने केसभर उजवीकडे वाकवायची. पुन्हा ओढायचा. पुन्हा केसभर. तिसऱ्या-चौथ्या खेपेला तो सरळ यायला लागतो, आणि गढूळ पाण्यात हातभर खाली एक बारीक चांदी उघडमीट करत आपल्याकडे येताना दिसते.