कानात कापूस घातला की विमानात बाळाचे कान दुखत नाहीत?

हा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय. पण दुखतं ते हवेच्या दाबामुळे, आणि कापसातून हवा आरपार जाते. कानाच्या पडद्यामागून घशाकडे एक बारीक नळी जाते, ती गिळताना उघडते आणि दोन्हीकडचा दाब सारखा होतो, लहान मुलांची ही नळी अरुंद असते म्हणून विमान उतरताना ती जास्त रडतात. पटत नसेल तर विमान वर असताना दोन रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटल्या घ्या, एकीला घट्ट झाकण, दुसरीच्या तोंडाला कापूस. उतरल्यावर झाकणवाली चेपलेली दिसेल, कापूसवाली जशीच्या तशी (मुलांना गंमतही वाटते). त्यापेक्षा विमान खाली यायला लागलं की बाळाला दूध पाजा, नाहीतर चोखणी द्या. सर्दी असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा.