पोप कोल्हापुरात आले नाहीत, पण पोलंड आलं होतं

दृढीकरणाच्या, म्हणजे कॅथलिक मुलांची श्रद्धा पक्की करणाऱ्या विधीच्या, तयारीच्या वर्गात आठवी-नववीची मुलं बसतात. दरवर्षी त्यांतलं एकजण तरी विचारतंच, "सर, पोप कधी कोल्हापूरला आलेत का हो?" नाही आले. आम्ही पोप पाहिले ते पुण्यात, १० फेब्रुवारी १९८६ रोजी, पोप जॉन पॉल दुसरे. त्या गर्दीत मी होतो. नववीत होतो. आता मुलांना शिकवताना वाटतं, की नुसतं "नाही" म्हणून हा प्रश्न सोडू नये. त्या भेटीमागे जो इतिहास आहे, त्यातला एक मोठा तुकडा आपल्या कोल्हापुरातच घडलेला आहे आणि तो आम्हाला तेव्हा कुणी सांगितला नव्हता.

आधी पुण्याचं. भारतातल्या कॅथलिक धर्मप्रांतांची, म्हणजे एकेका बिशपांच्या हाताखालच्या मुलुखांची, रीतसर घडी बसली ती १ सप्टेंबर १८८६ रोजी, पोप तेरावे लिओ यांच्या आदेशानं. त्याआधी कितीतरी वर्षं पोर्तुगालच्या राजाला मिळालेला पाद्रुआदोचा, म्हणजे इथले बिशप सुचवण्याचा अधिकार आणि रोमहून थेट चालणारा कारभार यांच्यात ओढाताण होती. एकाच गावात दोन चर्च आणि दोघांचे वरिष्ठ वेगळे, अशी अवस्था मुंबईनं बरीच भोगली. १८८६ साली पुणे धर्मप्रांत झाला. त्याचे पहिले बिशप बर्नार्ड बायडर-लिंडेन हे जर्मन जेझुइट, म्हणजे येशू संघाचे धर्मगुरू होते. याच लिओंनी १८९३ साली श्रीलंकेत कँडीला एक सेमिनरी, म्हणजे धर्मगुरू घडवणारी संस्था काढली. भारताच्या तारणाचं काम भारताचेच पुत्र करतील, अशा अर्थाचं लॅटिन वचन त्यांनी तिला दिलं. ही पेपल सेमिनरी १९५५ साली पुण्यात नगर रस्त्यावर आली. १९८६ला पोप पुण्यात आले तेव्हा धर्मप्रांताला शंभर वर्षं होत होती. आपलं कोल्हापूर त्याच धर्मप्रांतात होतं. पुणं आमच्यासाठी परकं शहर नव्हतं, बिशपांचं गाव होतं.

कोल्हापुरात मात्र 'ख्रिस्ती' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर यायचं ते अमेरिकन मिशन. रॉयल वाइल्डर १८५२ साली इथं आले. पुढं मिशनच्या शाळा, दवाखाने, चर्च उभी राहिली. ते सगळे प्रोटेस्टंट. राजर्षी शाहू महाराजांनी प्रत्येक समाजाच्या पोरांसाठी वसतिगृहं उभी केली, त्यात १९१५ सालचं इंडियन ख्रिश्चन होस्टेलही होतं. शिकायला आलेल्या पोराला निवारा मिळाला पाहिजे, मग ते कुठल्या का देवाचं असेना, हा या गावाचा जुना धर्म आहे आणि मला त्याचा फार अभिमान वाटतो. कॅथलिक आम्ही मूठभर. माझ्या धर्मशिक्षणाच्या वर्गात गोव्याकडची दोन घरं, मंगळूरची तीन, एक मल्याळी नर्सबाईंची मुलगी, बाकी नगर-श्रीरामपूरकडून नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबं. घरात कोकणी, मल्याळम, मराठी आणि चर्चच्या पायरीवर सगळ्यांची कोल्हापुरी.

आणि आता तो राहिलेला तुकडा.

१७ सप्टेंबर १९३९ला सोव्हिएत फौजा पूर्व पोलंडात शिरल्या. पुढच्या दोन वर्षांत तिथल्या लाखो माणसांना मालगाड्यांत कोंबून सायबेरिया आणि कझाकस्तानकडे नेण्यात आलं. हिटलरनं रशियावर हल्ला केल्यावर ३० जुलै १९४१ला लंडनमधलं पोलिश सरकार आणि सोव्हिएत यांच्यात करार झाला आणि या लोकांची सुटका सुरू झाली. १९४२मध्ये जनरल आंदेर्स यांच्या पोलिश सैन्यामागोमाग हजारो बायका-मुलं इराणात पोचली. ज्यांचं कुणी उरलं नव्हतं अशा बऱ्याच मुलांना नवानगरच्या जामसाहेबांनी जामनगरजवळ बालाचडीला आसरा दिला. त्याहून कितीतरी मोठी वसाहत उभी राहिली ती १९४३ साली कोल्हापूर संस्थानात, मिरज मार्गावर, वळिवड्याला. सुमारे पाच हजार माणसं, त्यांत बहुतेक बायका आणि मुलंच. पुढं बालाचडीची मुलंही इथंच आणली गेली.

कौलारू बराकींच्या रांगा, त्यांत प्राथमिक शाळा, हायस्कूल, स्काउटची पथकं, नाटकं आणि मधोमध धरावं असं त्यांचं कॅथलिक चर्च. पंचगंगेच्या काठावरच्या या मुलुखात रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, लॅटिनमध्ये व्हायची आणि गाणी पोलिश भाषेत. हायस्कूलात शिकणारी कॅथलिक मुलं एवढ्या संख्येनं त्याआधी कोल्हापुरात कधी नव्हती. आई-बाप-भावंडं गमावून, अर्धं जग पायाखाली घालून आलेली ती मुलं इथं बीजगणित शिकली, परीक्षा दिल्या, सायकली शिकली.

त्याच युद्धाच्या वर्षांत तिकडं पोलंडातल्या क्राकूवमध्ये कारोल वोयतिवा नावाचा तरुण, म्हणजे पुढचे पोप जॉन पॉल दुसरे, जर्मनांच्या ताब्यातल्या शहरात आधी दगडाच्या खाणीत, मग सोल्व्हेच्या कारखान्यात मजुरी करत होता आणि १९४२पासून लपूनछपून धर्मगुरूपदाचं शिक्षण घेत होता. १ नोव्हेंबर १९४६ला त्याला दीक्षा मिळाली. वळिवड्याची वसाहत तेव्हा भरलेली होती. १९४८पर्यंत ती रिकामी झाली. लोक इंग्लंडला, आफ्रिकेला, कुणी मायदेशी गेले. एक मुलगी मात्र कोल्हापूरकराशी लग्न करून कायमची इथली झाली. बराकींत फाळणीनंतर आलेले सिंधी बांधव राहायला आले. आज आपण लग्नाचा बस्ता बांधायला जातो ते गांधीनगर म्हणजे हीच जागा.

पोप भारतात पहिल्यांदा आले ते १९६४ साली. सहावे पॉल २ डिसेंबरला मुंबईत उतरले, आंतरराष्ट्रीय युखरिस्ट परिषदेसाठी, म्हणजे मिस्सेतल्या पवित्र भाकरीच्या भक्तीसाठी भरणाऱ्या मेळाव्यासाठी. ओव्हल मैदानावर परिषद, यजमान कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशस, स्वागताला पंतप्रधान लालबहादूर शास्त्री. गोवा मुक्त होऊन तीन वर्षंच झाली होती. पोपनं भारतात जावं हे पोर्तुगालच्या सरकारला इतकं लागलं की त्यांनी उघड निषेध नोंदवला. पण माझ्या मनात त्या भेटीतली एकच गोष्ट घर करून आहे. इतर धर्मांच्या प्रतिनिधींसमोर बोलताना पोपनी बृहदारण्यक उपनिषदातली प्रार्थना म्हटली: असतो मा सद्गमय, तमसो मा ज्योतिर्गमय, मृत्योर्मा अमृतं गमय. बरोबर एक वर्षापूर्वी, ४ डिसेंबर १९६३ला, व्हॅटिकन परिषदेनं उपासनेत लोकभाषा आणायला मान्यता दिली होती. माझ्या वडिलांची पिढी लॅटिन पाठ करून मोठी झाली, आम्ही मात्र पहिल्यापासून मराठीत 'आमेन' म्हणालो. पोपच्या भेटीत आम्हाला काही कळलं असेल, तर ते या बदलामुळं.

१६ ऑक्टोबर १९७८ला वोयतिवा पोप झाले. ४५५ वर्षांत पहिल्यांदाच इटलीबाहेरचा माणूस. तरुणांकडं त्यांचं विशेष लक्ष. १९८५ हे युनोचं आंतरराष्ट्रीय युवा वर्ष होतं, आपल्याकडं १२ जानेवारीचा राष्ट्रीय युवा दिनही त्याच वर्षी सुरू झाला. त्या वर्षअखेर पोपनी दरवर्षी जागतिक युवा दिन पाळायचं जाहीर केलं. पहिला ठरला २३ मार्च १९८६, झावळ्यांचा रविवार, म्हणजे ईस्टरच्या आधीचा. भारतदौरा बरोबर त्याआधी, फेब्रुवारीत. दिल्ली, रांची, कोलकाता, शिलाँग, चेन्नई, गोवा, मंगळूर, केरळ करत ते शेवटी आमच्याकडं आले. कोट्टायमला ८ तारखेला सिस्टर अल्फोन्सा आणि फादर चावरा यांना धन्य, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं, ते आम्ही वर्तमानपत्रात वाचलं. धर्मांतराच्या मुद्द्यावरून ठिकठिकाणी विरोधही झाला. घरी थोडी काळजी होती, पण जायचं ठरलं ते ठरलंच.

सोमवार होता, म्हणून शाळेत रजेचा अर्ज. दहावीची मुलं आली नाहीत, मार्चमध्ये बोर्ड होतं. आदल्या रात्री बसनं निघालो. झेंडे आम्हीच केले होते, पोपच्या झेंड्यासारखे पिवळे-पांढरे. पिवळा रंग संपला तेव्हा माझ्या आईनं हळद कालवून दिली. कऱ्हाडला चहा, खंबाटकी घाटात निम्मी पोरं ओकली, कात्रजला उजाडत आलं. डब्यात दशम्या आणि लसणाची चटणी. सिस्टर दर थांब्यावर डोकी मोजायच्या आणि एक कमी भरलं की पुन्हा पहिल्यापासून.

मैदानात आम्ही फार मागं होतो. मला दिसला तो पांढरा ठिपका, तोही समोरच्या काकांनी खांद्यावर घेतलेलं पोरगं खाली उतरवलं तेव्हा. पण आवाज ऐकू आला. जाड, सावकाश, प्रत्येक शब्दावर जरा टेकणारा. आणि हजारो माणसं एकदम गप्प झाली. आम्ही शाळेत वर्गात दोघंच कॅथलिक. नाताळला सुट्टी का, एवढंच विचारलं जायचं. आपल्यासारखी इतकी माणसं एकाच जागी असतात, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. घामानं झेंड्याची हळद तळहाताला लागली. बुधवारी राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस होता. चर्चमध्ये कपाळाला राख लावून घेताना हात जोडले, तर ते अजून पिवळेच होते.

परत आल्यावर गल्लीतल्या आजींनी दारातच अडवलं. वळिवड्याकडचं माहेर त्यांचं. जोतिबाला, पंढरपूरला जाऊन आलेल्याला विचारतात तसंच त्यांनी विचारलं, "का रं बाळ, झालं का दर्शन?"

"लांबून झालं, आजी."

"कुठलं म्हनायचं ते?"

"पोलंडचे."

आजी थांबल्या. "मंजे आमच्या कँपातल्या गोऱ्या बायकांच्यातलं?"

मला काहीच कळेना. मग त्यांनी पायरीवर बसवून सांगितलं. नव्या लग्नाच्या असताना माहेरी आल्या की त्या कँपात अंडी विकायला जायच्या. एक बाई रोज हसून काहीतरी म्हणायची. आजींनी ते चाळीस वर्षं जपलं होतं: "जिन दोबरी." पोलिश भाषेत 'जेन दोब्री' म्हणजे नमस्कार, हे मला फार नंतर कळलं. एक रविवार त्यांनी चर्चच्या बाहेर थांबून गाणं ऐकलं होतं. "रडत म्हनायच्या बाया," त्या म्हणाल्या. मी पुण्याला जाऊन जे पाहून आलो, त्याचा पाया माझ्या गल्लीतल्या म्हातारीला ठाऊक होता आणि मला नव्हता.

त्यानंतर पोप भारतात आले ते एकदाच, १९९९च्या नोव्हेंबरात, दिल्लीला. तिथली मोठी मिस्सा ७ तारखेला झाली, नेमकी दिवाळीत. पोप फ्रान्सिस यांचं येणं झालं नाही. २०१७ साली ते म्यानमार आणि बांगलादेशला जाऊन परतले. ८ मे २०२५ला निवडून आलेल्या पोपनी नाव घेतलं लिओ, चौदावे. पुणे धर्मप्रांत स्थापणाऱ्या लिओंचा वारसा सांगणारं नाव, म्हणून आमच्या वर्गात त्या रविवारी बराच उत्साह होता.

वळिवड्याची आठवण मात्र हळूहळू वर आली आहे. महावीर उद्यानात १९९८ साली पोलिश लोकांनी कृतज्ञतेचा स्तंभ उभारला. २०१९च्या सप्टेंबरात वळिवड्यालाही स्मृतिस्तंभ झाला. वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. ऑगस्ट २०२४मध्ये पंतप्रधान मोदींनी तिथं आदरांजली वाहिली, तेव्हा इथल्या अनेकांनी पहिल्यांदा विचारलं, हे काय प्रकरण आहे म्हणून.

येत्या रविवारी मिस्सा झाल्यावर वर्गाला वळिवड्याला न्यायचं आहे, रेल्वेनंच, दोन स्टेशनं तर आहेत. आजी आता नाहीत. अंडी घेऊन त्या कुठल्या वाटेनं कँपात शिरायच्या, हे त्यांच्या लेकीला ठाऊक आहे आणि ती दाखवायला यायला तयार झाली आहे.